सांजच्या चुलीचा इतिहास

१

आपल्या चळवळीचा इतिहास आपण तारखांनी सांगतो. १९ व २० मार्च १९२७, महाड. २५ डिसेंबर १९२७, मनुस्मृतिदहन. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. महाविद्यालयात इतिहास शिकवताना ह्या तारखा मीही सांगते आणि सांगताना माझाही आवाज चढतो. तो चढलाच पाहिजे. परंतु ह्या तारखांना एक साधा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. परिषद संपली, मांडव उतरला, माणसे आपापल्या गावी परतली. त्या सांजेला त्यांच्या घरी काय शिजले? कोणी शिजवले? आणि दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून आलेल्या बाईला ते शिजवायला वेळ कुठून मिळाला?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. राजकीय इतिहासात कालवणाला काय स्थान, असेही कोणी म्हणेल. त्यांनी मार्चमधील महाड परिषदेत बाबासाहेबांनी काय सांगितले ते आठवावे. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, टाकलेले तुकडे खाणे सोडा, स्वाभिमानाने जगा. ह्यातल्या पहिल्या दोन गोष्टींचा संबंध सरळ चुलीशी आहे. त्या सोडायच्या म्हणजे रिकाम्या झालेल्या भांड्यात दुसरे काहीतरी पडले पाहिजे. ते कोणीतरी मिळवले पाहिजे, निवडले पाहिजे, दळले पाहिजे आणि शिजवले पाहिजे. ठराव मांडवात झाला, त्याचा अंमल चुलीवर झाला. मांडवाचा इतिहास आपण लिहिला. चुलीचा लिहायचा राहिला आहे.

ह्या लेखात मी एकाच गोष्टीचा माग घेणार आहे. श्रमिक दलित घरातले सांजेचे, एका भांड्यातले, आधी तयारी करून ठेवून झटपट शिजवलेले जेवण. मुख्यतः महार घरांविषयी लिहीत आहे, कारण वतनाचा आणि ह्या जेवणाचा संबंध तेथे सरळ दाखवता येतो. मांग, चांभार, ढोर घरांच्या चुलींचा इतिहास वेगळा आहे. तो त्या त्या घरातून शिकून पुढे आलेल्या मुलामुलींनी लिहावा.

२

सगळे अन्न एका भांड्यात, हा प्रकार आपल्याकडे दोन वाटांनी आला. ह्या दोन वाटांत गुलामी आणि स्वातंत्र्य यांच्याएवढे अंतर आहे. म्हणून त्या वेगळ्या ओळखल्या पाहिजेत.

पहिली वाट येसकर पाळीची. गावकामाची पाळी ज्याच्याकडे असेल त्या महाराने गावाची राखण करायची, सांगावे पोचवायचे, सरकारी माणसाची सरबराई करायची, मेलेले ढोर ओढायचे. ह्याच्या मोबदल्यात बलुते आणि सांजेला घरोघर मागून आणायचा भाकरतुकडा. पाटलाच्या घरची अर्धी भाकर, वाण्याच्या घरचे आंबलेले वरण, कुणब्याच्या घरचे सकाळचे कोरड्यास, हे सगळे एकत्र होई. कोणत्या घरचे काय, हा भेद त्या भांड्यात उरत नसे. गावात पंगतीला बसताना जात काटेकोर पाळली जाई. महाराच्या भांड्यात मात्र साऱ्या गावाचे अन्न एकत्र ओतले जाई आणि त्यात गावाला काही विटाळ दिसत नसे. विटाळ अन्नाला नव्हता, घेणाऱ्या हाताला होता. हे एका भांड्यातले जेवण जातिव्यवस्थेने शिजवलेले होते.

ह्या व्यवहाराचे अर्थकारणही पाहिले पाहिजे. भाकरतुकडा ही गावाची दया नव्हती. शिळ्या अन्नाच्या मोलाने गाव दोन गोष्टी विकत घेत असे. येसकराची रात्र आणि त्याच्या बायकोचा दिवस. पाळीच्या घरी सांजेला स्वतंत्र स्वयंपाक करावा लागला नाही, तर ती बाई दिवेलागणीपर्यंत मालकाच्या खळ्यावर थांबू शके. तिचा तो वेळ फुकट मिळवण्याची किंमत म्हणून तिच्या लेकरांपुढे उष्टे येई. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनी कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतन ही इनामदारी नसून वेठ आहे, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. प्रत्यक्षात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला आणि १९५९ मध्ये अमलात आला. म्हणजे ठराव आणि कायदा यांच्यामध्ये तीस-बत्तीस वर्षे गेली. ही तीस वर्षे ज्या घरांनी कायद्याची वाट न पाहता तुकडा नाकारला, त्या घरांतून दुसरी वाट निघाली. स्वतःच्या मजुरीच्या धान्याचे, स्वतःच्या चुलीवर, सांजेला शिजवलेले एक भांडे.

नाकारण्याची शिक्षा काय होती हेही नोंदले गेले आहे. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात बहिष्कार हे गावाच्या हातातले शस्त्र कसे आहे ते सांगितले. काम बंद, दुकानातला जिन्नस बंद, वाट बंद. आता ह्या वाक्याकडे चुलीच्या बाजूने पाहा. जिन्नस बंद म्हणजे मीठ बंद, तेल बंद, मिरची बंद. काम बंद म्हणजे ज्वारी बंद. अशा दिवसांत बांधावरचा तांदुळजा, घोळ, पाथरी, तरोटा यांवर आणि मडक्याच्या तळाशी राहिलेल्या मूठभर पिठावर घर चालवणे हे लढ्याचेच काम होते. सत्याग्रहात पाण्याला हात लावणाऱ्याचे नाव इतिहासात आले. बहिष्कारात भांडे चढते ठेवणारीचे आले नाही.

३

मृत मांसाचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. आपल्या आत्मकथनांनी त्यातली लाज आणि वेदना जगापुढे मांडली, ते मोठेच काम झाले. पण त्या मांसाचे घरातले काम काय होते, इकडे लक्ष कमी गेले.

ढोर मेले की एका दिवसात भरपूर मांस येई आणि पुढे कित्येक दिवस काहीच नसे. म्हणून ते साठवावे लागे. मांसाच्या लांब पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ लावायचे, दोरीवर घालून कडक उन्हात वाळवायच्या आणि मडक्यात भरून ठेवायच्या. ह्याच चान्या. काम नसलेल्या पावसाळी दिवसात त्यांतल्या दोन-चार काढून निखाऱ्यावर भाजल्या, किंवा पाण्यात शिजवून वर ज्वारीच्या पिठाचे आळण लावले, की घरच्या सगळ्यांच्या भाकरी बुडतील एवढे कालवण होई. आधी करून ठेवलेले, विकत न घ्यावे लागणारे, झटकन शिजणारे असे हे अन्न होते. ते लाचारीतून आले होते हे खरे. ते टिकवण्यामागे बाईचे ज्ञान होते हेही तितकेच खरे. एक सत्य सांगताना दुसरे झाकायचे कारण नाही.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला सत्याग्रह परिषद झाली, तेव्हा बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडे कसे नेसावे, दागिने कोणते टाकावे, हे त्यांनी सांगितले, ते आपल्याला पाठ असते. त्याच भाषणात मृत मांस घरात येऊ देऊ नका, असेही त्यांनी सांगितले होते. हे त्यांनी बायकांना सांगावे याला अर्थ आहे. घरात काय शिजेल ह्याचा हुकूम पुरुषाचा असला, तरी ते निभावणारी कोण हे त्यांना ठाऊक होते. ज्या घरांनी हे ऐकले त्या घरांतली वाळवणाची दोरी एका दिवसात रिकामी झाली. त्या रिकाम्या दोरीची भरपाई करण्यासाठी कोणताही फंड नव्हता. ती भरपाई डाळीने, कडधान्याने, बाजारच्या सुकटीने आणि बाईच्या जादा कामाने झाली.

येथे माझे मुख्य म्हणणे येते. स्वाभिमानाला जशी जमीन आणि जीव द्यावे लागले, तसे तास द्यावे लागले. ते तास बहुतांशी बायकांनी दिले.

४

हे तास कसे वाचवले गेले, ते एका उदाहरणाने सांगते. शेंगोळे सर्वांना माहीत आहेत. पण त्यांच्याकडे पदार्थ म्हणून न पाहता श्रमाची योजना म्हणून पाहावे.

भाकरीचे जेवण म्हणजे दोन कामे. कालवण शिजवणे आणि भाकरी करणे. सहा माणसांच्या घरात दहा-बारा भाकरी लागतात. प्रत्येक भाकरीचे पीठ मळायचे, ती थापायची, तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचे, उलटायची, विस्तवाला लावून शेकायची. तोपर्यंत बाईला चुलीपुढून उठता येत नाही आणि चुलीचा जाळ कमी करता येत नाही. लेकरू रडले तरी हात पिठात आणि नजर तव्यावर. शेंगोळ्यांत ही दोन कामे एक होतात. हुलग्याच्या दोन वाट्या पिठात वाटीभर ज्वारीचे पीठ, ठेचलेला लसूण, मिरची, जिरे, मीठ घालून घट्ट मळायचे. भांड्यात थोड्या तेलाची लसणाची फोडणी करून भरपूर पाणी ओतायचे. पाणी तापेपर्यंत पिठाच्या बोटाएवढ्या वळ्या हातावर वळून घ्यायच्या. ह्या कामाला पोरे, म्हातारी, कोणीही बसू शकते. पाण्याला खळखळून उकळी आली की वळ्या थोड्या थोड्या सोडायच्या. वळ्यांचे पीठ सुटून रस्सा आपोआप दाट होतो. वीस-पंचवीस मिनिटांत वळी आतपर्यंत शिजते. तेवढ्या वेळात पाणी भरून होते, केर निघतो, लेकरू अंगावर घेता येते. भाकरी नको, वेगळे कालवण नको, तवा नको. सहा माणसे त्या एका भांड्यावर जेवतात आणि आठवा कोणी आला तर तांब्याभर पाणी वाढते.

ह्यात खरी गंमत आधीच्या तयारीची आहे. अख्खा हुलगा कठीण. तो शिजायला वेळ लागतो आणि सरपण लागते. तोच भाजून दळला की पीठ थोड्या जाळावर शिजते. म्हणजे सांजेच्या चुलीवरचा वेळ आणि जळण, पहाटेच्या जात्यावर आधीच देऊन ठेवलेले असते. येसरही असाच. गहू, हरभरा, बाजरी किंवा ज्वारी भाजायची, मिरची, धने आणि असतील ते मसाले घालून दळून ठेवायचे. सांजेला उकळत्या पाण्यात दोन मुठी कालवून सोडले की आमटी झाली. डाळ नको, वाटण नको. ज्वारीच्या कण्या आणि थोडी डाळ घालून एकत्र शिजवलेली अंबाडी हाही ह्याच जातीचा पदार्थ. अंबाडीची आंबट पाने चिंचेचा खर्च वाचवतात, कण्या पोट भरतात.

हे पदार्थ केवळ आपलेच होते असा दावा मी करीत नाही. कुणब्याच्या, धनगराच्या घरीही ते होतेच, आणि येसर तर मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीलाही असते. फरक असा की जमीनवाल्या घरी हे अन्न कधीमधी चवीला होई. मजुराच्या घरी त्याच्यावर घराचे वेळापत्रक उभे असे. सूर्य मावळल्यावर घरी येणाऱ्या आणि उगवण्यापूर्वी निघणाऱ्या बाईने कमी जळणात, कमी तेलात, कमी भांड्यांत सहा पोटे कशी भरावीत, ह्या प्रश्नाचे ते उत्तर होते. अडाणी म्हणवल्या गेलेल्या बायकांनी ते शोधले, पारखले आणि लेकी-सुनांच्या हाती दिले. ह्याला ज्ञान म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

५

मुंबईला गेलेल्या आपल्या माणसांनी चूल सोबत नेली, पण तेथे तिच्यावर सूर्याऐवजी गिरणीचा भोंगा राज्य करू लागला. गिरणीत जात सुटली नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. मागाच्या धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे. त्यामुळे विटाळाचे निमित्त करून चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेतले जात नसे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. आपले पुरुष राहिले रिंग खात्यात, कमी पगारावर. बाया वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. पगार कमी म्हणजे दोघांनी कमावणे भाग, आणि दोघांनी कमावणे म्हणजे सांजेची चूल पुन्हा त्याच पेचात.

कायद्याने गिरणीतले तास हळूहळू कमी केले. १८९१ च्या कायद्याने बायांचा दिवस अकरा तासांवर आणला. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ५४ तास ठरले. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५४ चे ४८ झाले. कामगाराच्या आयुष्यातील ही फार मोठी गोष्ट होय. पण हे तास मोजायला गिरणीच्या दारावर घड्याळ होते. चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत, शेगडीपुढे बाईचे जे तास जात होते, त्यांना कोणताही फॅक्टरी कायदा लागू नव्हता. पुरुषाचा दिवस आठ तासांचा झाला. बाईचा आठ तासांनंतर सुरूच राहिला.

शहरात एका भांड्यातल्या जेवणाचे रूप बदलले. मातीचे गाडगे गेले, जर्मनचे पातेले आले. सरपणाऐवजी कोळशाची शेगडी आणि पुढे रॉकेलचा स्टोव्ह आला. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले आणि घराघरांतले धान्य रेशनच्या पिशवीने ठरू लागले. देशावरून आलेल्या ज्वारी-बाजरीच्या घरात तांदूळ शिरला. तांदूळ थापावा लागत नाही, हे त्याचे मोठेच भांडवल. डाळ-तांदूळ एकत्र, किंवा मूठभर सुकट, कांदा आणि तांदूळ एकत्र, असे पातेले स्टोव्हवर चढवून बाईला नळाच्या रांगेत उभे राहता येई, कारण नळ तिच्या सोयीने येत नसे. प्रेशर कुकर बनवणाऱ्या हॉकिन्स आणि प्रेस्टिज ह्या दोन्ही नावांची सुरुवात आपल्या देशात १९५९ सालची. त्याच वर्षी गाववतने रद्द करणारा कायदा अमलात आला. बाईचे तास वाचवणारे यंत्र आणि तिची वेठ संपवणारा कायदा एका वर्षी आले खरे, पण कुकर आपल्या वस्त्यांपर्यंत यायला आणखी बरीच वर्षे लागली. यंत्रही जात आणि ऐपत बघूनच घरात येते.

ह्या वेळेच्या प्रश्नाची जाणीव आपल्या स्त्रियांना नव्हती असे मात्र नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. त्या परिषदेने बहुपत्नीकत्वाला विरोध केला, घटस्फोटाच्या हक्काविषयी ठराव केला आणि गिरण्यांत, बिडी कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांच्या रजेचाही प्रश्न मांडला. रजा मागणे म्हणजे वेळ मागणे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) ह्या ग्रंथात ह्या स्त्रियांना नावांनिशी उभे केले. ती नावे आपण वाचली. त्यांची मागणी पुढे नेली का?

६

१९७२ च्या दुष्काळाने ह्या प्रश्नाला आणखी एक वळण दिले. माझी आजी त्या साली खडी फोडायला होती. सरकारी मदतीत अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली. तिची भाकर थापताना मोडे, असे त्या काळातल्या बाया सांगतात. न मोडणारे पीठ मिळेपर्यंत उपाशी राहायचे कसे? आजी सांगे, मिलोच्या कण्या करायच्या आणि भांड्यात मिळेल त्या पाल्याबरोबर रटरट शिजवायच्या. ज्या पिठाची भाकर होत नाही त्याचे भांडे होते, हे तिचे सूत्र. परक्या देशातले धान्य, ते कसे खायचे ह्याची एक ओळही माहिती सोबत नाही, आणि दिवसभर हातोडा चालवलेल्या बायांनी दोन सांजांत त्याची रीत बसवली.

ह्याच दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमी पुढे आली. १९७७ साली कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो लागू झाला. काम मागण्याचा हक्क मिळाला आणि त्या कामावर बाया मोठ्या संख्येने आल्या. माझी आई त्यांपैकी एक. कामाची हमी मिळाली हे थोरच. पण खडीवरून घरी आल्यावरच्या कामाची हमी मात्र जन्मापासून तिच्या एकटीवरच होती.

७

मराठी पाकशास्त्राच्या छापील परंपरेत हे सगळे कुठे आहे? कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि घरोघर गेली. वाटी-चमच्याच्या मापात पाककृती सांगण्याची तिची पद्धत उपयुक्त होती, हे मान्य केले पाहिजे. पण त्या परंपरेचे स्वयंपाकघर गृहिणीचे आहे. खुरपे ठेवून थेट चुलीपुढे बसणारी बाई तिची वाचक नव्हती. आपल्या अन्नाकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याचे काम फार उशिरा सुरू झाले. २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित अन्नस्मृतींवर पुस्तक केले. २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले. ह्या कामाने दार उघडले. आता आत जाऊन ताटाबरोबर घड्याळही पाहिले पाहिजे.

दरम्यान ह्या अन्नाचे दोन बाजूंनी काय झाले तेही पाहावे. एका बाजूला मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. कष्टकऱ्याला परवडणारे मांस त्याच्या भांड्यातून काढून घेतले गेले. काही शहाणे लोक म्हणतात, तुमच्या बाबासाहेबांनीच तर मांस सोडायला सांगितले होते. हा बुद्धिभेद आहे. बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस सोडायला सांगितले, कारण ते वेठीचे वेतन होते. ते नाकारणे हा आमचा निर्णय होता. बंदी हा आमच्याविषयी दुसऱ्याने घेतलेला निर्णय आहे. नकार आणि बंदी यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याला महाड कळलेले नाही.

दुसऱ्या बाजूला २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. ज्वारी, बाजरी, नाचणी ह्यांना ‘श्री अन्न’ असे संस्कृत नाव मिळाले. हुलग्याचे शेंगोळे आता पौष्टिक म्हणून शहरातल्या महोत्सवात विकले जातात. विकले जावेत, त्याला माझी हरकत नाही. पण रेशनवर गरिबाला मुख्यतः गहू-तांदूळ आणि त्याची जुनी भाकर मात्र चढ्या भावाने बाजारात, हा उलटा न्याय ध्यानात घेतला पाहिजे. पदार्थ प्रतिष्ठित झाला. तो घडवणारी बाई त्या प्रतिष्ठेत कुठे आहे?

८

कोणी म्हणेल, आता परिस्थिती बदलली. गॅस आला, मिक्सर आला. बदलली, हे खरे. माझ्याच घरात भाजलेल्या हुलग्याचे पीठ आणि येसर डब्यात भरून ठेवलेले असते. महाविद्यालयातून घरी पोचायला सात वाजतात आणि आठला भांडे उतरते. आजीच्या मानाने माझे कष्ट काहीच नाहीत. पण देशाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीचे आकडे पाहावेत. बिनमोल घरकामात शंभरातील ८१ स्त्रिया होत्या, पुरुष २६. जे करतात त्यांच्यात स्त्रीची दिवसाची २९९ मिनिटे त्यात जात होती, पुरुषाची ९७. हे आकडे सर्व जातींचे आहेत. ह्या बाबतीत आपली घरे निराळी आहेत असे सांगण्याचे धाडस कोणत्या कार्यकर्त्याने करावे?

मला हे रोज दिसते. आमच्या भागातल्या अभ्यासमंडळाची वेळ सांजेची सहा ते आठ असते. सुरुवातीला मुली येतात. साडेसहापासून त्यांची चुळबूळ सुरू होते आणि सातला मागच्या रांगा रिकाम्या होतात. त्यांना वैचारिक चर्चेत रस नाही असे एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला सांगितले. मी त्यांना एवढेच विचारले की, आठ वाजता तुम्ही घरी गेल्यावर ताट कोण वाढते. ते हसले. हा हसण्याचा विषय नाही. सात वाजता उठून गेलेली मुलगी ज्या भांड्याकडे जाते, त्याच भांड्यावर चळवळीचे पोट भरले आहे. महाडच्या ठरावाचा अंमल तिच्या पणजीने केला, बहिष्कारात चूल तिने पेटती ठेवली, आणि आज त्याच ठरावावरच्या चर्चेला पणती शेवटपर्यंत बसू शकत नाही.

विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझे दोन गोष्टींचे सांगणे आहे. पहिली, आपल्या गावातल्या सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या बाया अजून आहेत, त्यांच्याकडे वही घेऊन बसा. काय खात होता एवढेच विचारू नका. ते कधी दळले, सरपण कुठून आणले, पाणी कोणत्या वेळी मिळाले, शिजायला किती वेळ लागला, सर्वांत शेवटी कोण जेवले, आणि भांड्यात तेव्हा काय उरले होते, हे विचारा. येसर, शेंगोळे, कण्या यांची रीत मापासह लिहून घ्या. हे दस्तऐवज आहेत. कोणत्याही दप्तरखान्यात ते मिळणार नाहीत आणि सांगणारी गेली की त्यांच्याबरोबर जातील.

दुसरी गोष्ट वहीची नाही. शेंगोळे वळायला बाईचाच हात लागतो असे कोणत्याही शास्त्रात नाही, आणि असते तरी आपण ते १९२७ सालीच जाळले असते. अभ्यासमंडळाची वेळ बदलायची असेल तर बदला. बदलायची नसेल तर आठवड्यातले तीन दिवस तरुण कार्यकर्त्यांनी पाच वाजता घरी जाऊन भांडे चढवावे आणि मग सभेला यावे. पीठ मळायला दहा मिनिटे लागतात, शिजायला पंचवीस. तेवढ्यात बहिणीचे, बायकोचे, आईचे दोन तास मोकळे होतात. ते दोन तास तिने सभेत घालवावेत, वाचनात घालवावेत, की नुसते पाय पसरून बसण्यात, हे तिचे तिने ठरवावे.